जुनं मोटरहोम घेताना इंजिनाआधी ओल बघा

इंग्लंडमध्ये जुनं मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायचं म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात: गाडी किती मैल चालली ते बघा, इंजिनाचा आवाज ऐका, सर्व्हिसची वही तपासा. माझ्या मते इथेच पहिली चूक होते. मोटरहोम वर्षातले बरेच महिने कुणाच्या तरी दारात पावसात नुसतं उभं असतं. इंजिन बिघडलं तर चांगला गॅरेजवाला ते नीट करून देतो. भिंतीत पाणी मुरलं तर मात्र गाडी आतून कुजत जाते, आणि कळतं तेव्हा निम्मी भिंत उतरवावी लागते. आम्ही आजवर अशा तीन गाड्या घेतल्या, ओळखीच्यांबरोबर बघायला गेलेल्या तर मोजल्याही नाहीत. त्यातल्या पहिल्या गाडीने जे शिकवलं ते इथे सविस्तर सांगते. बाकीचं थोडक्यात.

घरबसल्या करायची कामं

1 जानेवारी 1997 ला किंवा त्यानंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना साध्या लायसन्सवर माणसं-सामानासकट कमाल 3,500 किलोपर्यंतचीच पेट्रोल-डिझेल गाडी चालवता येते. भारतातून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी इथली परीक्षा त्यानंतरच दिली आहे, तेव्हा त्याहून जड गाड्यांच्या जाहिराती वाचूच नका. लंडनमध्ये किंवा आसपास राहत असाल तर डिझेल गाडी युरो 6 या प्रदूषण-मानकाची हवी, नाहीतर यूएलईझेडचे, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राचे, गाडी चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे 12.50 पाउंड. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. गाडीवर कर्ज बाकी आहे का, हे पैसे भरून तपासून घ्या. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव आहे म्हणजे तो माणूस मालक आहे, असं होत नाही.

बर्थ किती हे विचारण्याआधी सीटबेल्ट किती हे विचारा. सहा जण झोपू शकतील अशा गाडीत बेल्ट चारच असतात, असं कितीदा तरी दिसतं. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार म्हणून मोठी गाडी घ्यायची आणि प्रवासात त्यांना बसवायला जागाच नाही, ही वेळ येऊ देऊ नका.

वजनाचा हिशेबही कागदावर मांडा. समजा, कमाल 3,500 किलोची परवानगी असलेली गाडी ड्रायव्हरसकट रिकामी 3,150 भरते. उरले 350. आणखी तीन मोठी माणसं म्हणजे 210 किलो, 100 लीटर पाणी म्हणजे 100. आता 40 किलोत कपडे, अंथरुणं, खुर्च्या, तांदूळ-डाळ आणि कुकर बसवा. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नका, शक्य असेल तर गाडी वजनकाट्यावर नेऊन बघा.

ओल

आमची पहिली गाडी आम्ही जुलैत घेतली. लख्ख ऊन, सगळ्या खिडक्या उघड्या, आत लॅव्हेंडरचा मंद सुगंध. नोव्हेंबरात मागच्या पलंगाची गादी उचलली तर कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा काळा डाग. भिंतीवर अंगठा टेकवला तर तो आत गेला. कारागिराने आतली फळी काढली तेव्हा सांगाड्याची लाकडी पट्टी हातात ओल्या भुशासारखी सुटली. मी कोकणात वाढलेली. श्रावणातल्या ओलसर गोधड्यांचा, कपाटातल्या वह्यांचा कुबट वास मला झोपेतही ओळखता येतो. त्या दिवशी तो लॅव्हेंडरखाली दबला होता. तेव्हापासून ज्या गाडीत सुगंध फवारलेला असेल तिथे मी दुप्पट वेळ घालवते.

आधी भिंत कशी बनते ते समजून घ्या. जुन्या मोटरहोमांच्या भिंतीत बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्या आणि फोम, आत प्लायवूड असतं. पत्रे जिथे जुळतात, खिडक्या, छतावरचे झरोके, मागचे दिवे, ऑनिंगची (बाहेर ताणायच्या कापडी छपराची) पट्टी, सामानाच्या कप्प्यांची दारं, अशा प्रत्येक सांध्याला आणि भोकाला सीलंट भरलेलं असतं. ऊन-थंडीने ते कडक होतं, त्याला चिरा जातात आणि पाणी आत उतरतं. आमच्याकडे पाणी शिरलं होतं वरच्या छोट्या दिव्याच्या रबरातून आणि डाग पडला होता तिथून चार-पाच फूट खाली. पाणी सांगाड्याच्या आधाराने वाट काढतं. म्हणून डाग दिसला तिथेच सीलंट फासून दिलं आहे, असं विक्रेता सांगत असेल तर समाधान मानू नका.

गाडी बघायला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ, भावही तेव्हा जरा उतरलेले असतात. आदल्या दिवशी फोन करून सांगा, "हीटर लावू नका, गाडी बंदच ठेवा." दार उघडलं की एकट्याने आत जा आणि दोन मिनिटं कुणाशीही न बोलता बसा. मग पलंगाखालचे, सीटखालचे कप्पे उघडून त्यात तोंड घालून वास घ्या. नाकाला जे कळतं ते नंतर कुणाच्या बोलण्याने पुसलं जाऊ देऊ नका.

त्यानंतर टॉर्च. भिंतीवरच्या कागदाला सुरकुत्या, तपकिरी ओघळ, खिडकीभोवतीच्या स्क्रूंना गंज, कोपऱ्यात काळे ठिपके. एकाच कोपऱ्यातला कागद नवा दिसत असेल किंवा बाहेरून एकाच सांध्यावर पांढऱ्या सीलंटचा जाड थर असेल, तर कारण आणि बिल दोन्ही मागा. शिडी मागून छत वरून बघा. छत न बघता मी आता गाडीची किंमतही विचारत नाही.

मग अंगठा. खिडक्यांच्या खालचे कोपरे, छत आणि भिंत मिळते ती कड, झरोक्याभोवतीचा भाग, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, शॉवरजवळची आणि दाराजवळची जमीन, सगळीकडे जोर लावून दाबा. चांगली भिंत हलत नाही. कुजलेली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबते. जमिनीवर टाचेने जोर देऊन चाला, पाय खाली लवला तर तिथे थांबून नीट बघा.

शेवटी ओल मोजायचा मीटर. फार महाग लागत नाही, कारण आपल्याला तुलना करायची असते. कागदावर गाडीचा आराखडा काढा आणि निदान पन्नास ठिकाणी मोजून आकडे लिहा. डाव्या भिंतीवर जिथे मोजलं तिथेच उजव्या भिंतीवर मोजा. साधारणपणे 15 टक्क्यांपर्यंत ठीक, 15 ते 20 मध्ये लक्ष ठेवायचं, 20 च्या वर पाणी शिरत असल्याची शंका घ्यायची आणि 30 च्या वर आतलं लाकूड खराब झालं आहे असं धरून चालायचं. मागे धातू असला तर आकडा उगाच वर जातो, तेव्हा एकट्या आकड्याने घाबरू नका, आजूबाजूला सरकवून बघा. मीटरच्या सुया टोचायच्या असतील तर आधी परवानगी घ्या.

बाष्प आणि गळती यांत गल्लत होते. आपण आत कुकर लावतो, चहा उकळतो, चार माणसं रात्रभर झोपतात. त्या वाफेचं पाणी खिडक्यांवर, उशांमागे साठतं. ते पुसलं आणि हवा खेळती ठेवली की मीटरचा आकडा उतरतो. गळतीचा उतरत नाही.

"थोडी ओल सगळ्याच जुन्या गाड्यांत असते," हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ते खरं नाही. बारा-पंधरा वर्षांच्या ठणठणीत कोरड्या गाड्या मी स्वतः मोजल्या आहेत. त्यांच्या मालकांकडे दरवर्षीच्या हॅबिटेशन सर्व्हिसचे (राहत्या भागाच्या तपासणीचे) कागद क्रमाने लावलेले होते. एका खिडकीपाशी 20 च्या वर आकडा असेल तर आधी दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि मग भाव करा. 30 किंवा मऊ भिंत असेल तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा. आणि विक्रेत्याने हातात दिलेल्या ओलीच्या अहवालावर सौदा करू नका. अप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीम या मान्यताप्राप्त दुरुस्तीवाल्यांच्या योजनेतला फिरता कारागीर स्वतः ठरवा, त्याचे पैसे स्वतः द्या.

एवढी धास्ती नकोच असेल तर व्हॅनचं रूपांतर केलेली गाडी बघा. तिचा सांगाडा पत्र्याचा, सांधे कमी. तिथे शत्रू गंज.

बाकीची तपासणी

फ्रिज गॅसवर चालवून बघा. थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून पोचल्या पोचल्या लावायला सांगा. हीटर, बॉयलर, पंप, सगळे नळ सुरू करून बघा, कारण हिवाळ्यात पाणी काढायचं राहिलं तर बॉयलर आणि नळ्या फुटतात. टायरवर चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर मी बदलून घेते. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो बदलल्याचं बिल मागा.

पैसे

डीलरकडून घेतलीत तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या 30 दिवसांत सदोष गाडी परत करता येते. खाजगी विक्रीत हे संरक्षण नाही, तिथे वर्णनाप्रमाणे गाडी असावी एवढंच. खाजगी व्यवहार लॉगबुकवरच्या पत्त्यावरच करा, न बघता आगाऊ रक्कम पाठवू नका. रोड टॅक्स आधीच्या मालकाकडून तुमच्याकडे येत नाही. निघण्याआधी तो आणि विमा तुमच्या नावाने झालेला असू द्या.

पन्नास आकड्यांचा तो कागद गाडीतच ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच जागा पुन्हा मोजा आणि नवे आकडे दुसऱ्या रंगाच्या पेनाने शेजारी लिहा.