थंड डोंगरउतारांवरील राखेची माती: ओळखावी कशी आणि जपावी कशी

अमेरिकेच्या वायव्येकडील उत्तर आयडाहो, त्याला लागून असलेला पश्चिम मोंटाना आणि ईशान्य वॉशिंग्टन या भागांतील उंच, थंड अरण्यांत मातीचा जो वरचा थर सापडतो, तो बहुतांशी त्या डोंगरांच्या खडकापासून झालेला नाही. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी ओरेगनमधील माउंट मझामा या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याचे शिखर आत कोसळले आणि त्या खळग्यात आजचे 594 मीटर खोलीचे क्रेटर लेक सरोवर तयार झाले. उद्रेकाची राख वाऱ्याने प्रामुख्याने ईशान्येकडे नेली. तिचे कण ग्रीनलँडच्या हिमथरांतही मिळाले आहेत. आयडाहोच्या डोंगरांवर, म्हणजे मूळ ज्वालामुखीपासून सहाशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, ही राख आजही साधारण 25 ते 60 सेंटीमीटर जाडीच्या थराच्या रूपाने टिकून आहे.

या भागात पाऊस आणि बर्फ मुख्यतः हिवाळ्यात व वसंतात पडतात, तर जुलै-ऑगस्ट बहुधा कोरडे जातात. राखेखालची जमीन ग्रॅनाइटचा भरड मुरूम, क्वार्ट्झाइटचे तुकडे किंवा हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा भराव अशी असते आणि तिच्यात पाणी फारसे टिकत नाही. वितळत्या बर्फाचे पाणी धरून ठेवून ते कोरड्या महिन्यांत मुळांना पुरवण्याचे काम राखेचा हा थरच करतो. थर उतारावरून वाहून गेला तर तो परत मिळवण्याचा कोणताही उपाय नाही. म्हणून अशा उतारावर रस्ता आखणे, वृक्षतोड किंवा लागवड यांपैकी काहीही करायचे असले, तरी आधी तेथे राखेचा थर आहे का आणि किती जाड आहे, हे तपासलेच पाहिजे.

जागा कशी निवडावी

अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाचे नकाशे ‘वेब सॉइल सर्व्हे’वर विनामूल्य पाहता येतात. सुरुवात तेथून करावी, पण नकाशावर थांबू नये, कारण नकाशाच्या एकाच पट्ट्यात राखेची जाडी उताराच्या दिशेनुसार खूप बदलते. उत्तर व पूर्वेकडे तोंड असलेल्या, सावलीच्या, ओलसर उतारांवर राख टिकलेली असते. दक्षिणेकडील, उन्हात तापणाऱ्या आणि वारंवार वणवे लागलेल्या उतारांवर ती खालच्या दऱ्यांत वाहून गेलेली किंवा खालच्या मातीत पूर्ण मिसळून गेलेली आढळते. वनस्पतींवरूनही अंदाज बांधता येतो. वेस्टर्न रेडसीडर, वेस्टर्न हेमलॉक, आणि त्याहून उंचावर सबअल्पाइन फर व एंगलमन स्प्रूस यांचे दाट वन असेल, तर खाली राख असण्याची शक्यता बरीच असते. विरळ पॉन्डेरोसा पाइन आणि गवत असेल, तर ती बहुधा पातळ असते किंवा नसतेच.

एकाच उतारावर माथा, मध्य आणि पायथा असे किमान तीन खड्डे घ्यावेत. उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांनी जिथे माती उलटीपालटी केली आहे ती जागा टाळावी, कारण तिथे थरांचा क्रम मोडलेला असतो. जुन्या ओंडके ओढण्याच्या वाटा आणि रस्त्यांच्या कडाही टाळाव्यात.

खड्डा आणि छेद

उताराच्या वरच्या बाजूची भिंत उभी राहील अशा रीतीने सुमारे 75 सेंटीमीटर खोल खड्डा खणावा. वरचा पालापाचोळा व अर्धवट कुजलेला थर वेगळा काढून बाजूला ठेवावा, आणि राख व खालची माती यांचे ढीगही वेगळे ठेवावेत, म्हणजे खड्डा बुजवताना सर्व काही त्याच क्रमाने परत घालता येते. मग भिंत सुरीने खरवडून ताजी करावी.

छेद नीट असेल तर राखेचा थर सहज ओळखू येतो. तो तांबूस किंवा पिवळसर तपकिरी, जवळजवळ दगडविरहित आणि अत्यंत भुसभुशीत असतो. सुरी त्यात विनासायास शिरते आणि एका ठरावीक खोलीवर ती अचानक दगडांवर किंवा घट्ट मातीवर अडते. ही सीमा किती सेंटीमीटरवर आहे आणि ती ठळक आहे की अस्पष्ट, याची नोंद करावी. सीमा ठळक असेल तर थर फारसा विस्कटलेला नाही असे समजावे.

आता मूठभर माती हातात घ्यावी. सुकलेली असेल तर ती पिठासारखी हलकी लागते आणि तिची धूळ उडते. ओली असताना ती अंगठा व तर्जनीमध्ये जोराने चोळावी: सुरुवातीला घट्ट वाटणारा गोळा दाबाखाली एकाएकी ढिला पडतो, बोटांवर बुळबुळीत पाणी सुटते, आणि दाब काढल्यावर तो पुन्हा सावरतो. थर जितका अधिक विघटित झालेला असेल, तितकी ही खूण स्पष्ट मिळते. चिकणमातीप्रमाणे तिची लांब पट्टी ओढता येत नाही. ज्यांचा हात दख्खनच्या काळ्या मातीवर बसलेला आहे, त्यांना हा फरक पहिल्याच चिमटीत कळेल. काळी मातीही ज्वालामुखीच्याच खडकापासून झाली आहे, पण ती थंड झालेल्या लाव्हाच्या बेसाल्टपासून, आणि तिच्यातील फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणखनिजांमुळे तिला भेगा पडतात. राखेच्या मातीत काचेचे सूक्ष्म तुकडे आणि त्यांच्या विघटनातून झालेली अ‍ॅलोफेन, इमोगोलाइट व फेरिहायड्राइट ही अव्यवस्थित रचनेची द्रव्ये असतात, म्हणून ती भेगाळत नाही. (ज्वालामुखीची राख महाराष्ट्रातही आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ती नदीच्या गाळात थराच्या रूपाने सापडते आणि तिच्या वयाबद्दल अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. पण तो गाळात गाडला गेलेला थर आहे, डोंगरउतारावरची माती नव्हे.)

थोडी माती पाण्यात धुऊन तिचे बारीक वाळूएवढे कण भिंगाखाली पाहावेत. पारदर्शक, धारदार कडांचे, काही वेळा आत बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेले तुकडे दिसले, तर ती ज्वालामुखीय काच समजावी. थंड हवेत विघटन संथ होत असल्याने ही काच इतक्या हजारो वर्षांनंतरही शिल्लक आहे.

फ्लुओराइडची कसोटी

हाताच्या अंदाजाला रासायनिक दुजोरा हवा असेल, तर सोडियम फ्लुओराइडची कसोटी सर्वांत सोयीची आहे. फ्लुओराइड मातीतील सक्रिय ॲल्युमिनियमला जाऊन चिकटते, तिथले हायड्रॉक्सिल मोकळे होते आणि द्रावणाचा सामू चढतो. 1 ग्रॅम माती 50 मिलिलिटर एक मोलर द्रावणात ढवळून दोन मिनिटांनी सामू मोजावा. तो 9.4 च्या वर गेला तर अशी द्रव्ये भरपूर आहेत असे मानतात. सामूमापक नसेल तर फिनॉल्फ्थॅलीनमध्ये भिजवून वाळवलेल्या गाळणकागदावर चिमूटभर माती ठेवून वर द्रावणाचा थेंब टाकावा. कागद लवकर गडद गुलाबी झाला तर निष्कर्ष तोच.

मातीत चुना असेल तर सामू तसाही चढतो, तेव्हा आधी आम्लाचा थेंब टाकून ती फसफसत नाही ना, हे पाहावे. मात्र आम्ल टाकलेला नमुना फ्लुओराइडच्या द्रावणात कदापि घालू नये, कारण त्यातून घातक हायड्रोजन फ्लुओराइड तयार होते. सोडियम फ्लुओराइड स्वतःही विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा, भांडी प्लास्टिकची घ्यावीत आणि उरलेले द्रावण अरण्यात ओतू नये.

घनता मोजताना

अमेरिकन वर्गीकरणात अशा मातींचा अँडिसॉल हा स्वतंत्र गण आहे. ढोबळ नियम असा, की वरच्या 60 सेंटीमीटरपैकी किमान 36 सेंटीमीटरमध्ये राखेचे गुणधर्म असले तर माती या गणात बसते; थर त्याहून पातळ असेल तर ती दुसऱ्या गणातील राखमिश्रित उपगटात जाते. वार्षिक सरासरी मृदातापमान 8 अंश सेल्सियसच्या खाली आणि उन्हाळाही थंड, अशा उंच जागांवरील अँडिसॉलना क्रायँड म्हणतात. शेतावर किंवा वनात काम करणाऱ्याला मात्र गणाच्या नावापेक्षा घनतेचा आकडा जास्त उपयोगी पडतो.

ठरावीक आकारमानाचे धातूचे कडे राखेच्या थरात हलक्या हाताने ठोकून आतील माती न दाबता काढावी, 105 अंश सेल्सियसला 24 तास वाळवावी आणि वजनाला आकारमानाने भागावे. 5 सेंटीमीटर व्यासाच्या व तितक्याच उंचीच्या कड्याचे आकारमान सुमारे 98 घन सेंटीमीटर भरते. कोरडी माती 72 ग्रॅम निघाली तर घनता 0.73 आली. न दाबलेल्या राखेची घनता सहसा 0.9 पेक्षा कमीच असते, म्हणजे थराचा निम्म्याहून अधिक भाग पोकळ्यांचा असतो. कणरचना किंवा जलधारणा तपासायची असेल तर वेगळा नमुना ओलाच ठेवावा, कारण अ‍ॅलोफेनयुक्त माती एकदा पूर्ण सुकली की तिचे मूळ गुण परत येत नाहीत.

इथे एक धोका आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. यंत्राखाली दबलेली राखसुद्धा 0.95 किंवा 1.0 एवढीच घनता दाखवते. साध्या मातीच्या मापाने हा आकडा उत्तम वाटतो आणि पाहणी करणारा निर्धास्त होतो, पण 0.73 वरून 0.95 पर्यंत जाणे म्हणजे तीस टक्क्यांची वाढ आहे, आणि त्यात पाणी व हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या पोकळ्याच आधी मिटतात. ओरेगन व वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय वनांच्या निकषांत राखेच्या मातीसाठी मूळ घनतेवर 20 टक्के आणि इतर मातींसाठी 15 टक्के वाढ ही हानीची मर्यादा मानलेली आहे. म्हणून केवळ आकडा न पाहता, त्याच उतारावरील न तुडवलेल्या जागेचे मोजमाप शेजारी ठेवूनच निर्णय करावा.

काम कधी आणि कसे करावे

ही माती यंत्राचा भार सोसण्याइतकी क्वचितच कोरडी असते. वरून वाफसा आल्यासारखी दिसली तरी वीस सेंटीमीटरखाली ती चिंब असू शकते. बर्फ वितळत असताना तर राख आणि खालचा घट्ट थर यांच्या सीमेवर पाणी साचून उताराच्या दिशेने आडवे वाहते, आणि अशा वेळी जड यंत्र आणणे म्हणजे थर दाबणे आणि घसरवणे दोन्ही. ओंडके ओढायचे असतील तर उन्हाळ्याच्या अखेरीस, किंवा जमीन गोठून वर पुरेसा बर्फ असताना ओढावेत. वाटा आधी आखाव्यात, त्याच पुन्हापुन्हा वापराव्यात आणि त्यांवर फांद्यांचा जाड थर पसरावा. तीव्र उतारावर तारेने ओंडके उचलून नेण्याची पद्धतच मला योग्य वाटते, जरी तिचा खर्च जास्त असला तरी.

रस्ता आडव्या पाण्याची वाट कापतो, त्यामुळे कापलेल्या कडेतून वसंतात झरे फुटतात. ते पाणी थोड्या-थोड्या अंतरावर रस्त्याखालून पलीकडे सोडावे. एकाच चरात गोळा केले तर खालच्या उतारावर घळ पडते.

पालापाचोळ्याचा थर शक्य तितका अबाधित ठेवावा. राखेत नत्र थोडे असते आणि जे असते ते बहुतेक या सेंद्रिय थरात व वरच्या काही सेंटीमीटरमध्ये असते. स्फुरद मात्र सक्रिय ॲल्युमिनियम घट्ट बांधून ठेवते, त्यामुळे बाहेरून स्फुरद देऊन फारसे साधत नाही. तीव्र वणव्यानंतर उघडी पडलेली राख पहिल्याच जोराच्या पावसात ओघळींनी वाहू लागते. अशा ठिकाणी पेंढ्याचे किंवा लाकडाच्या चिरफळ्यांचे आच्छादन हिवाळ्यापूर्वी पसरावे.

उत्तर-मध्य आयडाहोच्या ग्रँड फर पट्ट्यात संपूर्ण तोडीनंतर मोकळ्या झालेल्या काही जागांवर ब्रॅकन नेचा माजला, माती अधिक आम्ल झाली, अ‍ॅलोफेनऐवजी ॲल्युमिनियम ह्यूमसशी बांधले गेले, जमिनीखाली बिळे करणाऱ्या गोफर उंदरांनी रोपांची मुळे खाल्ली, आणि अनेक दशके तेथे वन परतले नाही. त्या पट्ट्यात काम करताना सावली पूर्ण काढू नये, मोकळ्या जागा लहान ठेवाव्यात आणि नेचा पसरण्यापूर्वी, म्हणजे तोडीनंतर शक्य तितक्या लवकर, मोठ्या वाढीची रोपे लावावीत.