ध्रुवीय बर्फावर काम करायचंय? आधी ब्लँक शिका

जळगाव-धुळ्याकडची एम.एस्सी.ची मुलं विचारतात, ध्रुवीय बर्फातले, ढगातलं पाणी गोठवणारे कण मोजण्याच्या या विषयात यायला अंटार्क्टिकाला जावं लागतं का? नाही. बहुतेक काम प्रयोगशाळेतच होतं.

ढगातला शुद्ध पाण्याचा थेंब शून्य अंशाला गोठत नाही, उणे 38 च्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतो. त्याआधी गोठायला त्याला कण लागतो. फेल्डस्पार असलेली खनिज धूळ साधारण उणे 15 च्या खाली हे काम करते, तर स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू उणे 2 लासुद्धा. ध्रुवीय बर्फाच्या गाभ्यात, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या लांब दंडगोलात, जुन्या हवेतले असे कण अडकलेले असतात. ते मोजले की त्या काळच्या ढगांचा अंदाज बांधता येतो.

गाभा हाताळताना बाहेरून मळतो. म्हणून थंड खोलीत वरचा थर खरवडून काढायचा, आतला बर्फ वितळवायचा आणि ते पाणी ताजं असतानाच मोजायचं. 96 खळग्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येकी 50 मायक्रोलिटर भरून तापमान मिनिटाला एक अंशानं उतरवायचं. कॅमेऱ्यात स्वच्छ दिसणारा थेंब गोठताक्षणी गढूळतो. हे पाहायला मला अजूनही आवडतं. निम्मे थेंब गोठले तर कण किती? एका थेंबात एकाहून जास्त कण असू शकतात, म्हणून सरळ मोजणी चालत नाही, लॉगॅरिदम घ्यावा लागतो. उत्तर येतं मिलिलिटरला सुमारे 14. मग तेच पाणी 95 अंशांना तापवून पुन्हा मोजायचं. गोठण्याचं तापमान बरंच खाली गेलं, तर कण बहुधा जैविक, कारण उष्णतेनं त्यांची प्रथिनं मोडतात.

खरी परीक्षा ब्लँकची, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी त्याच पद्धतीनं मोजण्याची. ध्रुवीय बर्फात कण इतके कमी असतात की शुद्ध पाण्यातला, ट्रेमधला, हातमोज्यांवरचा मळही आकड्यात घुसतो. आपलं शुद्ध पाणी कुठल्या तापमानाला गोठतं हे ठाऊक नसेल, तर नमुन्याच्या आलेखाला काडीची किंमत नाही. ब्लँक रोज करा, प्रत्येक नव्या बाटलीचा वेगळा.

देशात बर्फगाभ्यांचं काम गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात चालतं. पीएच.डी.साठी नेट किंवा गेटची तयारी ठेवा, थोडं पायथन शिका. पदवी भौतिकशास्त्राची, रसायनाची की सूक्ष्मजीवशास्त्राची, याची फार चिंता नको.

तोवर सराव घरच्या नमुन्यावर करा. रावेर-यावलकडे गारपीट झाली की केळीच्या नुकसानीच्या धावपळीतही कोणी मूठभर गारा स्वच्छ पिशवीत फ्रीजरला ठेवून देईल. वितळवण्याआधी बाहेरचा थर शुद्ध पाण्यानं धुऊन टाका. आणि तशाच रिकाम्या पिशवीत शुद्ध पाणी घालून तेही मोजा.