कुत्र्याचं रक्त कमी आणि थायरॉइड मंद : या चुका टाळा

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर रोज फिरणारा आठ वर्षांचा लॅब्रेडॉर माझ्याकडे आला, तेव्हा शेपटीवरचे केस गेले होते आणि एक जिना चढला की तो बसकण मारत होता. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ३१. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो. घरच्यांनी तीन महिने न चुकता लोहाचं टॉनिक पाजलं होतं. फरक शून्य, आणि तो पडणारही नव्हता, कारण मूळ दुखणं मंद थायरॉइडचं होतं. थायरॉइडचं हार्मोन घटलं की शरीराची ऑक्सिजनची गरजच उतरते. मग तांबड्या पेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडाकडून कमी सुटतं आणि हाडांतली अस्थिमज्जा त्या पेशी सावकाश बनवते. लोह असतं, मागणी नसते.

पुण्यात दुसरी चूक ठरलेली. रक्त कमी दिसलं की गोचीड ताप (गोचिडांतून होणारा संसर्ग) धरायचा आणि डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, सुरू करायची. आधी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बघा. गोचीड तापात त्या बहुतेक वेळा घसरतात, नुसत्या थायरॉइडने सहसा नाही. याच्या विरुद्ध चूकही होते, थायरॉइड ठीक असताना तो मंद ठरवण्याची. कुठल्याही आजारात, शिवाय स्टेरॉइड, फिनोबार्बिटल किंवा सल्फाच्या औषधांनी टी-४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, खाली येतो. म्हणून एकट्या टी-४ वर आयुष्यभराची गोळी लावू नका. सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळा असलेला टी-४) हवाच.

सकाळी दूध-पोळी खाऊ घालून रक्त द्यायला आणू नका. ट्यूब फिरवून झाली की वरचं पिवळसर पाणी चक्क ताकासारखं पांढरं दिसतं आणि कितीतरी आकडे बिघडतात. १२ तास उपाशी ठेवा. उपाशीपोटीही ते पांढरंच राहिलं, तर मात्र ती खूणगाठ बांधा : मंद थायरॉइडमध्ये रक्तातली चरबी वाढते, चारातल्या तीन कुत्र्यांचं कोलेस्टेरॉलही वाढलेलं असतं.

चेहरा सुजून उदास दिसतो, तेव्हा घरचे म्हणतात, "गाठी आल्यात." कपाळावर बोट दाबून बघा. खड्डा राहत नाही, कारण तिथे साधं पाणी साठलेलं नसतं. कातडीत साठलेल्या हायलुरॉनिक आम्लाने ते धरून ठेवलेलं असतं. जबड्याखाली किंवा गुडघ्यामागे गोटीसारखी गाठ लागली, तर ती लसिकाग्रंथी. तिचा दोष थायरॉइडवर ढकलून वाट बघत बसू नका, सुईने तिथल्या पेशी काढून तपासणी करून घ्या.

थायरॉइडच्या गोळीच्या डोसची भीती मी समजू शकतो. घरात आजी दिवसाला १०० मायक्रोग्रॅम घेतात आणि ३० किलोच्या कुत्र्याला ६०० मायक्रोग्रॅम, तेही दोनदा! पण कुत्र्याचं शरीर हे हार्मोन फार झपाट्याने वापरून टाकतं. सुरुवातीचा डोस किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, असाच असतो. मनाने अर्धी गोळी करू नका. ४ ते ८ आठवड्यांनी, गोळीनंतर ४ ते ६ तासांनी रक्त तपासा.

तरतरी आठवड्या-दोन आठवड्यांत येते. रक्ताला महिने लागतात, घाईने औषध बदलू नका. आमच्या लॅब्रेडॉरचा पीसीव्ही चौथ्या महिन्यात ३९ झाला. जिना तो त्याच्या कितीतरी आधी चढायला लागला होता.