अंगणात देशी झुडपे लावताना

अंगणातील लॉन एकदम उखडण्याची घाई करू नये. आधी कुंपणालगतची चारेक फुटांची पट्टी मोकळी करावी आणि तिथे घाणेरी माजली असेल तर, तिची फुले कितीही देखणी वाटली तरी, ती मुळासकट काढावी, कारण मूळची अमेरिकेतील ही वनस्पती शेजारच्या रोपांना वाढू देत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत अडुळसा, निर्गुडी, करवंद आणि धायटी चांगली तग धरतात. माझी पहिली पसंती धायटीला, कारण उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या फांद्या लाल फुलांनी भरतात आणि शिंजीर हा मध पिणारा चिमुकला पक्षी त्यांवर सतत येत राहतो.

रोपे जूनमध्ये, माती खोलवर भिजल्यानंतर लावावीत. पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्यांना पाणी द्यावेच लागते. पाचोळा न जाळता त्याचा 2 ते 3 इंचांचा थर आळ्यात पसरावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळल्यास फवारणी करू नये. ती बहुधा फुलपाखराची असते, आणि चार पाने गेल्याने आमटीच्या फोडणीत काही कमी पडत नाही.