फँटसीतल्या पात्रांना नावं ठेवताना (लोकांनी आपल्याला नावं ठेवू नयेत म्हणून)

माझ्या पहिल्या फँटसीच्या हिरोचं नाव होतं झायरॉन. दीडशे पानं लिहून झालेली, मला ते नाव एकदम भारी वाटायचं. दिवाळीच्या आधी आई करंज्या लाटत बसलेली आणि मी तिला पहिला चाप्टर वाचून दाखवत होतो. तिनं सगळं निवांत ऐकलं, ड्रॅगन चालला, उडता किल्ला चालला, बोलणारं झाड पण चाललं, पण मधेच लाटणं थांबवून म्हणाली, "त्याची आई त्याला जेवायला बोलवताना काय म्हणते रे? झाय्या?"

संपला झायरॉन तिथंच.

तेव्हापासून मी कुठलंही नाव कागदावर पक्कं करायच्या आधी त्याला हाक मारून बघतो. मोठ्यानं, खरोखर, दारात उभं राहून मारल्यासारखी. आपल्याकडं कुठलंच नाव अख्खं राहत नाही, परशरामचा परश्या होतो, मल्लाप्पाचा मल्ल्या होतो, यल्लुबाईची यल्ली होते, आणि तेच खरं नाव, रेशनकार्डावरचं फक्त सरकारला. मग तुमचा चक्रवर्ती सम्राट असूदे नाहीतर हजार वर्षांचा जादूगार, लहानपणी त्याच्याबरोबर विहिरीत उड्या मारलेला एक तरी माणूस जिवंत असणार, तो त्याला काय म्हणतो? विक्राळदंतला जर 'विक्र्या' म्हणून कोणी हाक मारली आणि वाचक फिस्सकन हसला तर दोनच रस्ते, एकतर नाव बदला नाहीतर तो हशा गोष्टीत वापरा. मी दुसरा रस्ता एकदा वापरलाय, दरबारात लंगोटीयार येऊन सगळ्यांसमोर राजाला तशी हाक मारतो, तो सीन अख्ख्या कथेत सगळ्यात बरा झाला.

दुसरी टेस्ट इंग्रजीत लिहिणाऱ्यांना लागतच नाही म्हणून त्यांच्या टिप्समधे सापडत नाही. नावाला प्रत्यय लावून बघा. मराठीत नाव एकटं फिरत नाही, त्याच्या मागं ने, ला, चा, शी, हून काहीतरी चिकटलेलंच असतं आणि एका कादंबरीत ते हजारदा तरी येणार. 'आर्क्स' असं नाव ठेवलं की 'आर्क्सनं' लिहायचं की 'आर्क्सानं' हे पानोपानी ठरवत बसावं लागतं आणि दोन्ही वाचताना दातात अडकतं. 'सिंघण'ला 'सिंघणनं, सिंघणला, सिंघणचा' काही प्रॉब्लेम नाही. शेवटी ई किंवा ऊ असेल तर सगळ्यात सुटसुटीत. गावाच्या नावाला तर अजून मजा, कारण आपण पुण्यात जातो, साताऱ्यात जातो, निपाणीत जातो, बेळगावात येतो. म्हणून राज्याचं नाव 'धुमारे' ठेवलंत तर 'धुमाऱ्यात' लिहा की बिनधास्त, 'धुमारेमध्ये' लिहिलं की भाषांतर केल्यासारखं वाटतं.

च आणि ज पासून जरा जपून. चंद्रातला च वेगळा आणि चाकातला वेगळा, जयमधला ज वेगळा आणि जहाजातला वेगळा, आणि देवनागरीत दोन्ही सेमच दिसतात. तुम्ही मनात एक 'जारव' म्हणताय आणि वाचक तीनशे पानं दुसराच म्हणतोय. त्याला उपाय सोपा आहे, पुढं इ किंवा ई घ्या, 'ची' आणि 'जी' कोणीही एकाच पद्धतीनं म्हणतो. नाहीतर पहिल्याच पानावर एखाद्या पात्राच्या तोंडी सांगून टाका, "जहाजातला ज हां."

आता मेन मुद्दा. आम्ही सीमाभागातली माणसं, आमच्याकडं नाव ऐकलं की माणूस कुठल्या अंगाचा आहे ते निम्मं कळतं. बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर बसची वाट बघत उभं राहा आणि लोक एकमेकांना काय हाका मारतात ते ऐका. आप्पा, आण्णा, अव्वा, अक्का एका बाजूला आणि बा, जी, राव, बाई दुसऱ्या बाजूला, आणि मधे आमच्यासारखे, ज्यांच्या घरात मराठी आणि आजोबांचं नाव मात्र कल्लाप्पा नाहीतर भरमाण्णा. फँटसी लिहिणारे इथंच चुकतात असं मला वाटतं. ते एकेक नाव सुटं बनवतात, प्रत्येक नाव वेगळं, प्रत्येक नाव चमकदार, आणि मग पंधरा पात्रं एका खोलीत आली की वाटतं हे सगळे वेगवेगळ्या ग्रहांवरून आलेत. नावं सुटी नसतात, कुळानं येतात. आधी कुळाची शेपटी, म्हणजे नावाचा शेवटचा तुकडा ठरवा, मग माणसाचं नाव.

आणि हे मी शोधून काढलेलं नाही, आपल्याच मातीतल्या राजांनी करून ठेवलंय. हलशीच्या ताम्रपटांतले जुने कदंब बघा, काकुत्स्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा, सगळे 'वर्मा'. नंतर गोव्याचे कदंब आले तर त्यांच्यात शिवचित्त, विष्णुचित्त. राष्ट्रकूटांच्या पदव्या धारावर्ष, अमोघवर्ष, अकालवर्ष. कल्याणीच्या चालुक्यांत आहवमल्ल, त्रैलोक्यमल्ल, त्रिभुवनमल्ल. नुसती शेपटी ऐकून घराणं कळतं, वाचकाला वंशावळीचा तक्ता द्यायची गरजच नाही. तुम्ही पण तेच करा, डोंगरातल्या लोकांना एक शेपटी, खाडीकडच्यांना दुसरी, आणि एखादा माणूस खाडीकडची शेपटी लावून डोंगरात राहत असेल तर वाचक आपोआप विचारतो, हा इथं कसा काय?

इथंच एक कबुली देतो. माझ्या जुन्या ड्राफ्टात राजे सगळे संस्कृत आणि पखालवाले, गाडीवान, पहारेकरी सगळे आप्पा नि आण्णा. एका मैत्रिणीनं वाचून एवढंच विचारलं की तुझ्या राज्यात आप्पाला कधी गादी मिळत नाही काय. लाज वाटली राव. आणि इतिहास बघितला तर देवगिरीच्या यादवांची नावं काय होती? भिल्लम, जैतुगी, सिंघण. कोल्हापूरच्या शिलाहारांत गंडरादित्य, जतिग. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची, ती बांधणारा मंत्री बीचिराज आणि त्याचा राजा कार्तवीर्य. ही नावं कुठल्या एल्फला कमी आहेत सांगा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किननं सुद्धा बुटक्यांची नावं जुन्या नॉर्स कवितेतल्या यादीतनं उचललेली, आपण आपल्या शिलालेखातनं उचलली तर काय बिघडलं? फक्त राजा जसाच्या तसा उचलू नका, नावाचा साचा उचला.

दोन भाषा शेजारी दाखवायच्या असतील तर अख्खी भाषा बनवत बसायची गरज नाही, एक सवय पुरते. कन्नड बोलताना शब्दाच्या शेवटी स्वर येतो, बसचं बस्सु होतं, लाइटचं लैटु होतं, आणि आपण मराठीत शेवटचा अ गिळून टाकतो. तेवढंच घ्या. माझ्या गोष्टीत एक नदी आहे, अलीकडं 'तरण' म्हणून ओळखला जाणारा माणूस पलीकडं 'तरणा' होतो, आणि हिरो जेव्हा पहिल्यांदा स्वतःच 'तरणा' म्हणून ओळख देतो तेव्हा कळतं की ह्यानं नदी ओलांडली, मनातनं सुद्धा. त्यासाठी मला एक ओळ एक्स्प्लेन करावं लागलं नाही.

गावांचं पण तसंच. आमच्या शहराला एका तोंडात बेळगाव, एका तोंडात बेळगावी, जुन्या लेखांत वेणुग्राम. कोण कुठलं नाव घेतो त्यावरनं कोण काय विचार करतो हे चहा यायच्या आधी कळतं, हे मी सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. तुमच्या नकाशावरच्या महत्त्वाच्या शहराला दोन नावं द्या आणि पात्रांना ती वाटून टाका. हेर पकडला जायचा असेल तर तो चुकीच्या नावानं पकडला जाऊदे.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे नाव झिजवणं. खानापूर तालुक्यातल्या हलशीचं जुनं नाव पलाशिका. जुन्या कन्नडातल्या कितीतरी शब्दांच्या सुरुवातीचा प पुढं ह झाला, पाल म्हणजे दूध त्याचं हालु झालं, पुलि म्हणजे वाघ त्याची हुलि झाली, पळ्ळीची हळ्ळी झाली. आपल्याकडं ग्रामचं गाव झालं, वाटकचं वाडा. तर असं करायचं, आधी हजार वर्षांपूर्वीचं नाव बनवा, फुल्ल भारदस्त, समजा 'पुष्करवाटक'. मग नियम लावा, प चा ह, वाटकचं वाड, जोडाक्षर जरा सैल, झालं 'हुसकरवाड'. आता गुहेतल्या शिळेवर पुष्करवाटक कोरलेलं आहे आणि हिरो हुसकरवाडचा गुराखी आहे, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला अकराव्या चाप्टरला कळतं. फक्त नियम ठरवला की सगळीकडं तोच लावायचा, एका गावाला लावला आणि दुसऱ्याला नाही असं केलं की चलाख वाचक पकडतो.

मोठ्या गावाशेजारी छोटं गाव दाखवायचं असेल तर नवीन नाव शोधू नका. कंग्राळी बुद्रुक आहे, कंग्राळी खुर्द आहे, बुद्रुक थोरलं आणि खुर्द धाकटं. कन्नडात तेच हिरे आणि चिक्क, हिरेबागेवाडीतलं हिरे तेच, त्यात रत्नबित्न काही नाही.

आडनावांचा तर आमच्याकडं खजिना आहे. मराठी घरांत गावाला कर लावून काम भागतं, येळ्ळूरकर, उचगावकर. उत्तर कर्नाटकात मात्र उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, मेणसिनकाई म्हणजे मिरची, बेल्लद म्हणजे गुळाचा अशी आडनावं सर्रास आहेत आणि कोणाला त्यात हसायला येत नाही. मग तुमच्या जगातल्या सगळ्यात घाबरवणाऱ्या घराण्याचं नाव 'मिठाचे' का असू नये? वज्र, अग्नी, काल, रुद्र हे शब्द जरा विश्रांतीला पाठवा, लई दमलेत बिचारे.

व्हिलनबद्दल. टोकदार आवाज टोकदार वाटतात आणि गोल आवाज गोल, हे खरंच आहे, रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदूच्या अभ्यासकांनी २००१ साली एक टोकदार आणि एक गोलसर आकार दाखवून, ह्यातला बौबा कुठला आणि किकी कुठला असं अमेरिकन विद्यार्थी आणि तमिळ बोलणारे दोघांनाही विचारलं तर बहुतेक सगळ्यांनी टोकदार आकाराला किकीच म्हटलं. पण म्हणून प्रत्येक राक्षसाला क्र आणि घ्र लावला की तो पहिल्या ओळीतच राक्षस कळतो. त्यापेक्षा नाव न घेणं जास्त भीतीदायक. माझ्या आज्जीनं आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही, आजोबांचं नाव मारुती, तर ती मारुतीच्या देवळाला 'शेपटीवाल्याचं देऊळ' म्हणायची आणि सगळ्या गल्लीला कळायचं. रात्री साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. मूल जगत नसेल तर दगडू, केरू, फकिरा अशी नावं ठेवायची, म्हणजे वाईट नजर पुढं निघून जाते. खरं नाव लपवणं, नावात ताकद असणं हे सगळं बाहेरून आणायची गरजच नाही, माजघरात पडलंय. तुमच्या गोष्टीत लोक त्या काळ्या राजाला घाबरून काय म्हणतात ते ठरवा, 'वरचा', 'तो धान्यवाला', काहीही साधं. जितकं साधं तितकं अंगावर येतं.

एक चेक मात्र विसरू नका, शेजारच्या भाषेत अर्थ काय होतो. मी एका गर्विष्ठ राणीचं नाव 'कोतीशा' ठेवलं होतं, शाळेतल्या कन्नड मित्राला पाठवलं तर त्याचा नुसता हसण्याचा व्हॉइस मेसेज, कोती म्हणजे माकड. कत्ती म्हणजे तलवार पण कत्ते म्हणजे गाढव, एका मात्रेचा फरक. नायी म्हणजे कुत्रं. आपल्याकडं कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारं कोणीतरी दोन घरं सोडून असतंच, पाच मिनिटं लागतात विचारायला. आणि जित्या देवांची नावं, गावातल्या एखाद्या समाजाची आडनावं व्हिलनला लावू नका, उद्या त्याच गल्लीतनं जायचंय.

बाकी बारीकसारीक. सगळी मुख्य पात्रं व वरनं नकोत, विराज, विक्रम, वीरसेन, वासुकी आले की वाचक परत मागं जाऊन बघतो हा कुठला. म्हणून मी वहीत अ पासून ह पर्यंत रकाने पाडलेत आणि एका रकान्यात दोनच मोठी पात्रं. नावं जमवायला लग्नपत्रिका बेस्ट, आमच्याकडच्या पत्रिकेत चुलते, मामा, आत्या सगळे छापलेले असतात, एका पत्रिकेत एका कुळाची सत्तर वर्षं. तिथनं पहिला निम्मा भाग एकाचा आणि शेपटी दुसऱ्याची घ्यायची, म्हणजे कोणाचं नाव तसंच्या तसं येत नाही.

आणि नाव सुचत नसेल तर लिहिणं थांबवू नका, 'अमका' टाका आणि पुढं चला. माझ्या सातव्या चाप्टरात एक पहारेकरी अजून अमकाच आहे, आणि आता बाकीचे शिपाई पण त्याला 'ए अमक्या' म्हणायला लागलेत, म्हणजे प्रत्यय लागला, हाक बसली, राहूदे तसाच.