‘श्यामची आई’ मुलांना वाचून दाखवताय? मग या चुका टाळा

दर मे महिन्यात ऊन उतरलं की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सात-आठ पोरं जमतात आणि मी त्यांना काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवते. पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहात ‘श्यामची आई’ घेतलं. दुसऱ्या आठवड्यात दोघंच उरले. त्यातली एक माझी भाची, म्हणजे जिला पळून जाण्याची सोय नव्हती ती. पुस्तक पोरांना आवडत नाही असा निष्कर्ष काढून मी गप्प बसले. पुढे दोनेक वर्षांनी पुन्हा घेतलं, तेव्हा कळलं की पुस्तक नव्हे, माझं वाचणं चुकलं होतं. त्या चुका इथे मांडते. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

विकत घेताना

पुस्तकाचे लेखक साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनाचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. परिणाम असा की दुकानात दहा प्रकारच्या प्रती दिसतात. काही पूर्ण, काही ‘बालांसाठी संक्षिप्त’, काही नुसत्या चित्रांच्या. मुखपृष्ठ बघून घेऊ नका, अनुक्रमणिका उघडा. सुरुवातीच्या ‘प्रारंभ’नंतर ‘रात्र पहिली’पासून ‘रात्र बेचाळिसावी’पर्यंत सगळं असेल तरच घ्या. संक्षिप्त प्रतीत आधी कात्री लागते ती कर्जाच्या आणि अपमानाच्या रात्रींना, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणा तिथेच आहे.

पहिल्या पानापासून सुरुवात करणं

ही माझी पहिली चूक. मी प्रस्तावना वाचली, मग ‘प्रारंभ’ वाचला. आश्रम, सायंप्रार्थना, श्यामभोवती जमलेले मित्र, सगळं जुन्या वळणाच्या जड मराठीत. पोरं जांभया द्यायला लागली. मोठ्यांना ती चौकट हवीशी वाटते, पण दहा वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते.

प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्ट आहे याचा फायदा घ्या. मी आता बाराव्या रात्रीपासून, श्यामच्या पोहण्यापासून सुरू करते. विहीर, भीती, लपून बसलेला मुलगा, हातात शिमटी, म्हणजे बारीक छडी, घेतलेली आई. एवढ्यावर कुठलंही पोर खिळून बसतं. मग तिसरी रात्र, ‘मुकी फुले’. मग सातवी, ‘पत्रावळ’. पोरांना श्याम आवडायला लागला की पहिल्या रात्रीकडे या. त्या रात्री आई आजारी असते आणि तिच्या वतीनं श्यामनं वडाला प्रदक्षिणा घालायच्या असतात. बायकांच्या घोळक्यात एकटा मुलगा! श्यामला वाटणारी लाज आमच्या गच्चीवरच्या सातवीतल्या पोरांना न सांगता कळली.

एक पथ्य मात्र पाळा. बत्तिसाव्या रात्रीपासून पुढचं सगळं क्रमानंच वाचा. तिथे गोष्टी सुट्या राहत नाहीत, एका उताराला लागतात.

‘बघ, श्याम कसा होता!’

सगळ्यात मोठी चूक ही. हे पुस्तक मुंजीत, वाढदिवसाला, बक्षीस समारंभात दिलं जातं ते बहुतेक वेळा औषधासारखं. आणि एकदा घरात आलं की त्याची छडी होते. ‘श्याम आईचं ऐकायचा, आणि तू?’

श्याम ऐकायचा? पुस्तक उघडून बघा. श्याम पोहायला जावं लागू नये म्हणून लपून बसतो. इतर मुलांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून आदल्या संध्याकाळीच कळ्या तोडून आणतो. पत्रावळ लावायला शिकत नाही, वर रुसतो. पुस्तक घेण्यासाठी पैसे चोरतो. तीर्थयात्रेच्या नावाखाली पळ काढतो. आईला उलट बोलतो, फुरंगटतो, खोटं बोलतो. गोष्ट घडते ती बहुतेक वेळा श्याम चुकतो म्हणूनच.

आणि या चुका सांगतो कोण? पालगडचा तो पोरगा नव्हे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसलेला तेहतीस वर्षांचा माणूस सांगतो. त्याची आई १९१७ साली गेलेली आहे. दिवसा कैद्याचं काम आणि रात्री लिखाण असं करत पाच दिवसांत त्यानं यातल्या बहुतेक रात्री लिहून काढल्या. ज्याच्यापाशी क्षमा मागायची ते माणूस उरलेलं नाही, म्हणून तो मित्रांना गोष्टी सांगतोय. हे एकदा ध्यानात आलं की पुस्तकाचा सूरच बदलतो. ‘मुलांनो, असे वागा’ हा तो सूर नाही. ‘मी असा वागलो, आणि तिनं मला असं सांभाळून घेतलं’ असा आहे.

म्हणून छडी करायचीच असेल तर ती मोठ्यांवर चालते. श्यामच्या चुका मुलांना ओळखीच्या वाटतात. आईचं वागणं वाचताना घाम आपल्याला फुटतो. मी तरी आता ‘श्याम बघ’ हे दोन शब्द गच्चीवर उच्चारत नाही.

शिमटीचं समर्थन

आमच्या गच्चीवर एक आजोबा येऊन बसायचे. पोहण्याची गोष्ट संपली की म्हणायचे, ‘बघा, तेव्हा मारायचे म्हणून मुलं घडायची.’ हे ऐकून पोरांचे चेहरे पडायचे. आजोबांचा राग येत नाही, कारण अर्धा महाराष्ट्र ही गोष्ट अशीच लक्षात ठेवतो: आईनं झोडपलं, श्याम पोहायला शिकला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पाठीवरचे वळ बघून आईच्या डोळ्यांत पाणी येतं. ती तेल लावते. माझ्या श्यामला कुणी भित्रा म्हटलेलं मला सोसवणार नाही, हे ती त्याला समजावून सांगते. मारलं याचं तिला दुःख आहे आणि ते ती लपवत नाही. एखाद्या मुलानं ‘पण मारलंच का?’ असं विचारलं तर ‘तेव्हा तसं होतं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला म्हणा, आईलाही ते बरोबर वाटलं नसेल, म्हणून तर ती रडली. वाचताना तेलाचा भाग सावकाश वाचा. मारण्याचा भाग आपोआप वेगात जातो.

गरिबीला गोड करून सांगणं

‘गरीब होते, पण किती सुखी होते!’ हे वाक्य या पुस्तकाबद्दल मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. सुखी कुठे होते? बत्तिसाव्या रात्रीचं नावच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असं आहे. छत्तिसावी ‘तेल आहे, तर मीठ नाही!’. सदतिसावी ‘अब्रूचे धिंडवडे’.

हे घराणं मुळात खोतांचं. खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा गोळा करणारा, मानमरातब असलेला माणूस. असं घर सावकाराच्या हातात जातं, सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो, शेवटी जप्ती येते आणि गावात दवंडी पिटली जाते. मुलांना ही दवंडी नीट समजावून द्या. पूर्वी ढोल वाजवत अख्ख्या गावाला सांगत की अमक्याच्या घराचा लिलाव आहे. आमच्या इथल्या एका मुलानं लगेच विचारलं, ‘म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्स थकलेल्यांची नावं टाकतात तसं?’ मी क्षणभर गप्प झाले. अगदी तसं नाही, पण पोराला बरोबर जागी लागलं होतं.

इथे मुलांना दाखवण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. या रात्रींमधली आई नुसती सोसणारी बाई नाही. शेत विकावं पण कर्ज फेडावं, असं ती म्हणते. जमिनीत जीव अडकलाय तो वडिलांचा. सावकाराच्या माणसाला ती तोंडावर सुनावते. तिला पैशाची किंमत पक्की ठाऊक आहे, कदाचित घरात सगळ्यांत जास्त. म्हणूनच बाविसाव्या रात्री ती भाऊबीजेच्या पैशांतून नवऱ्यासाठी धोतर घेते, ते मनाला इतकं लागतं. पैसा क्षुद्र आहे असं हे पुस्तक कुठेच म्हणत नाही. थोडा पैसा असताना तो कुणावर खर्च करायचा, एवढंच ते दाखवत राहतं.

पंचविसावी रात्र गाळणं

‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र काही पालक मुद्दाम वगळतात, जातीचा विषय मुलांसमोर नको म्हणून. काही उलटं करतात, आई जातपात मानत नव्हती असं सांगून मोकळे होतात. दोन्ही नको.

गोष्टीत एक म्हातारी महार बाई आहे, तिची मोळी पडली आहे, आणि शिवायला कुणी तयार नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि घरी येऊन अंघोळ कर असंही सांगते. त्या अंघोळीवर मुलं नेमकी अडतात. ‘अंघोळ कशाला?’ विचारू द्या. आई तिच्या काळाच्या कुंपणाशी उभी आहे, तिनं एक पाऊल बाहेर टाकलंय, सगळं कुंपण मोडलेलं नाही. ते मोडायला तिचा मुलगा पुढे निघाला. १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटलं. मोळी ते पंढरपूर हे अंतर पोरांना सांगितलं की अंघोळीचा प्रश्न टाळावा लागत नाही.

वडिलांना विसरणं

पुस्तकाचं नाव आईचं आहे, म्हणून आपण वडिलांना कोपऱ्यात बसवतो. अठरावी रात्र, ‘अळणी भाजी’, ही मूळची वडिलांची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता, उलट वाखाणत जेवतात आणि त्यांचं पाहून पोरंही. आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. शक्य असेल तर ही रात्र घरातल्या पुरुषानं वाचावी. आमच्याकडे एका मुलीच्या बाबांनी वाचली. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, ‘रात्री आमची आमटी खारट झाली होती आणि बाबा लगेच बोलले.’ गच्ची हसली, बाबा सर्वांत जास्त.

काही बारीकसारीक अडचणी

*मुलं रडत नाहीत.* न रडोत. आपल्या पिढीला हे पुस्तक म्हणजे रुमाल घेऊन बसायचं असं वाटतं, त्यात आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा तो चित्रपट जरूर दाखवा, पण पुस्तक संपल्यावर. आधी दाखवलात तर प्रत्येक पानावर पडद्यावरची आई वनमाला आणि पडद्यावरचा श्याम माधव वझे उभे राहतात आणि मुलांचा स्वतःचा श्याम तयारच होत नाही.

*एखादं मूल फार रडतं.* थांबा, पुस्तक मिटा, दुसऱ्या दिवशी हलकी रात्र घ्या. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, त्या मुलाला अडतिसाव्या रात्रीच्या पुढे एकट्यानं वाचायला देऊ नका.

*शब्द अडतात.* सोवळं, पडवी, शिमटी, पत्रावळ. वाचता वाचता इंग्रजी अर्थ सांगत बसलं की गोष्ट मरते. परदेशी राहणाऱ्या माझ्या बहिणीनं व्हिडिओ कॉलवर मुलांना वाचून दाखवताना हेच केलं आणि पोरं शब्दकोशाला कंटाळावीत तशी कंटाळली. पत्रावळ लावून दाखवावी. पळसाची पानं नसतील तर कुठलीही रुंद पानं आणि बारीक काड्या चालतात. माझी पहिली पत्रावळ उचलताक्षणी सुटली, आणि सातवी रात्र पोरांना त्या दिवशी जास्त कळली.

*पानभर उपदेश येतो.* येतो, नाकारून उपयोग नाही. गोष्ट संपल्यावर श्याम मित्रांना जे सांगत बसतो, त्यातलं मोठ्यानं वाचताना थोडं सोडलं तर गुरुजी रागावणार नाहीत. गोष्टीतली आईची वाक्यं मात्र एकही सोडू नका. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप, हे ती अंगणातल्या ओल्या दगडावर पदर पसरल्यानंतर बोलते. तो पदर आणि ते वाक्य वेगळं काढता येत नाही.

शेवटची चूक एका ओळीत सांगता येईल अशी आहे: ‘यातून तू काय शिकलास?’ हे विचारणं. मी पहिल्या वर्षी रोज विचारायचे, आणि रोज तीच उत्तरं यायची. खरं बोलावं, आईचं ऐकावं. शाळेच्या वहीतली उत्तरं. आता विचारत नाही. गेल्या वर्षी आईच्या मृत्यूनंतरची एकेचाळिसावी रात्र वाचून पुस्तक मिटलं तेव्हा अंधार पडायला आला होता. कुणी उठेना. मग सगळ्यांत लहान मुलानं विचारलं, ‘म्हणजे तो वेळेवर पोचलाच नाही?’

मी म्हटलं, नाही पोचला. मग आम्ही चटया गुंडाळल्या.