नागपूरच्या उन्हाळ्यात धावत्या पत्र्याची जाडी लेसरने कशी मोजावी

धावत्या पत्र्याची जाडी हात न लावता मोजायची असेल, तर एक वर आणि एक खाली असे दोन लेसर सेन्सर सी-आकाराच्या फ्रेमवर समोरासमोर बसवतात. प्रत्येक सेन्सर पत्र्यावर लेसरचा ठिपका टाकतो. त्या ठिपक्यातून तिरपा परतणारा प्रकाश भिंगातून आतील प्रकाशसंवेदी पट्टीवर पडतो आणि तेथे त्याची जागा किती सरकली यावरून अंतर काढले जाते. दोन सेन्सरांमधील एकूण अंतरातून ही दोन्ही अंतरे वजा केली की जाडी मिळते. या वजाबाकीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दोन सेन्सरांमधील अंतर कधीच बदलत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ते बदलते.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी पहिल्यांदा अशी मांडणी उभी केली, तेव्हा सकाळच्या पाळीत बरोबर मापाचा दिसणारा पत्रा दुपारी पातळ आणि रात्री पुन्हा जाड दिसू लागला. दोन दिवस आम्ही पत्रा दाबणारे रोल तपासत राहिलो. दोष मात्र फ्रेमचा होता. ॲल्युमिनिअम दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते. म्हणजे फ्रेमचा ३०० मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनिअमचा खांब सकाळच्या २५ अंशांवरून दुपारी ४५ अंशांवर गेला की सुमारे १३८ मायक्रॉन वाढतो, आणि १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ही जवळजवळ १४ टक्के चूक ठरते. पोलादी खांबात तीच वाढ सुमारे ७२ मायक्रॉन, तर इन्व्हार या अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या लोह-निकेल मिश्रधातूमध्ये दहाच्या आत राहते. इन्व्हार महाग असल्याने निदान पोलाद तरी वापरावे, आणि फ्रेमवर छताच्या पारदर्शक पत्र्यातून येणारे ऊन किंवा कूलरचा थेट झोत पडू देऊ नये.

तरीही केवळ धातू बदलून भागत नाही. फ्रेम रुळावर बसवून ती पत्र्याबाहेर सरकवता येईल अशी सोय करावी आणि तेथे ज्ञात जाडीचा नमुना तुकडा कायम ठेवावा. यासाठी स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचा पोलादी मापठोकळा, वापरण्याचा मोह होतो, परंतु त्याचा पृष्ठभाग आरशासारखा असल्याने विखुरलेल्या प्रकाशावर चालणारा सेन्सर त्यावर गोंधळतो. त्याऐवजी बारीक घासून निस्तेज केलेला तुकडा घेऊन त्याची जाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून प्रमाणित करून घ्यावी. सेन्सर सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्यावा आणि मगच या तुकड्यावर शून्य जुळवावे. उन्हाळ्यात हे दर तासाला करावे.

दोन्ही ठिपके अगदी एका रेषेत आणावेत. ते १ मिलिमीटरने सरकलेले असतील आणि पत्रा १ अंशाने कलला, तर सुमारे १७ मायक्रॉनची चूक येते. दोन्ही सेन्सरांचे वाचन एकाच क्षणी व्हायला हवे, कारण पत्रा थरथरत असतो: अर्धा मिलिमीटर वर आणि अर्धा मिलिमीटर खाली, सेकंदाला दहा वेळा हलणाऱ्या पत्र्यात वाचनांमध्ये केवळ एक मिलिसेकंदाचा फरक पडला तरी ३० मायक्रॉनपर्यंत चूक होऊ शकते. रोलिंगच्या रेघा असलेल्या पत्र्यावर सेन्सरचे प्रतल, म्हणजे जाणारा किरण आणि परतणारा प्रकाश ज्या पातळीत असतात ती, त्या रेघांच्या दिशेने ठेवावे. तेलाचे थेंब पुसावेत आणि काचेवर धूळ बसू नये म्हणून कोरड्या हवेचा हलका झोत द्यावा.

सेन्सर घेताना त्याची कमाल तापमानमर्यादा पाहावी. टिनाच्या शेडमध्ये, बंद पेटीत ती सहज ओलांडली जाते. दृश्य प्रकाशाचा, १ मिलिवॅटपर्यंतचा, वर्ग २ चा लेसर पुरेसा असेल तर तोच निवडावा. चकचकीत पत्र्यावरून किरण डोळ्यांकडे परावर्तित होऊ शकतो, म्हणून फ्रेम डोळ्यांच्या पातळीवर बसवू नये.

नमुना तुकड्याचे प्रत्येक वाचन आणि त्या वेळचे फ्रेमचे तापमान, शून्य पुन्हा जुळवण्यापूर्वी, नोंदवहीत लिहावे आणि आधीच्या शून्यापासूनचे फरक बेरजेने जोडत न्यावेत. आठवडाभरात आलेखावर दर अंशामागे वाचन किती घसरते ते दिसेल. वर सांगितलेल्या ॲल्युमिनिअमच्या खांबात ते सुमारे ७ मायक्रॉन येईल. तेवढी दुरुस्ती गणनेत घालता येते, मात्र त्यानंतरही नमुना तुकडा जागेवरून काढू नये.